टेबलाच्या दोन बाजू

'एका बैठकीत संपवली' हे थरारकादंबरीचं सर्वांत मोठं कौतुक मानायची आपल्याकडे रीत आहे. प्रस्तुत लेखकाला ते कधीच पटलेलं नाही. एका बैठकीत भेळ संपते. जॉन ल कारेची 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (१९७४) वाचताना मात्र पानं उलटी चाळत पहिल्या प्रकरणाकडे परत जावं लागतं, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

हेरकथा आणि कोर्टकथा यांचा आढावा एकाच लेखात घ्यायचा म्हटल्यावर दोघा-तिघा स्नेह्यांनी तोंडं वाकडी केली. त्यांचं म्हणणं, कुठे बर्लिन आणि कुठे फौजदारी कोर्ट! पण दोन्हींच्या गाभ्यात खोली एकच असते. मध्ये टेबल, समोरासमोर दोन माणसं. एकाला काढून घ्यायचंय, दुसऱ्याला लपवायचंय. हेरखात्यात तिला चौकशी म्हणतात, कोर्टात उलटतपासणी. ज्या कादंबरीला ही खोली रंगवता येते ती गंभीर. जिला येत नाही, ती विमानं पाडते.

सुरुवातीचा इतिहास भरभर उरकता येईल. अर्स्किन चाइल्डर्स (१९०३), कॉनरॅडची 'द सीक्रेट एजंट' (१९०७), बकन (१९१५) ही नावं सर्वांना ठाऊक आहेत. सॉमरसेट मॉम पहिल्या महायुद्धात खरोखरच ब्रिटिश हेर होता. 'ॲशेंडेन'मध्ये (१९२८) त्याने या धंद्यातला कंटाळा प्रथम कागदावर आणला, हे त्याचे उपकार. एरिक ॲम्ब्लरच्या 'द मास्क ऑफ डिमिट्रिओस'मध्ये (१९३९) इस्तंबूलच्या शवागारात एक प्रेत आहे आणि एक रहस्यकथालेखक त्या प्रेताचा भूतकाळ शोधत जुन्या नोंदी धुंडाळत युरोपभर हिंडतो. बंदुकीपेक्षा दप्तर भारी, हे इथे ठरलं. १९५३ साली बाँड आला आणि पुढची कित्येक वर्षं धुरळा उडाला. तो खाली बसेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

थांबायचं ते १९६३ पाशी. डेव्हिड कॉर्नवेल नावाचा ब्रिटिश गुप्तहेर खात्यातला माणूस बॉनच्या वकिलातीत नोकरी करता करता जॉन ल कारे या टोपणनावाने 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' लिहितो. सगळे तिला हेरकथा म्हणतात. प्रस्तुत लेखक गेली चाळीस वर्षं सांगत आला आहे की ती जगातल्या उत्तम कोर्टकथांपैकी एक आहे. एका परिसंवादात एका नामवंत समीक्षकांनी यावर 'मग महाभारतही कोर्टकथाच' असा टोला मारून टाळ्या घेतल्या होत्या. टाळ्या त्यांना लखलाभ; कादंबरी मात्र त्यांनी शेवटपर्यंत वाचली नसावी. कारण तिचा कळस पूर्व जर्मनीतल्या एका बंद न्यायासनासमोरच आहे. लीमस हा इंग्रज हेर फुटल्याचं सोंग घेऊन म्युंट या अधिकाऱ्याविरुद्ध साक्ष देतो आहे. सोंग बिनचूक आहे: दारू, कफल्लकपणा, तुरुंगवास, सगळं. मग बचावाचा वकील उठतो आणि लंडनच्या एका ग्रंथालयात काम करणाऱ्या लिझ गोल्डला, लीमसच्या प्रेयसीला, साक्षीला बोलावतो. प्रश्न साधेच. घरभाडं कोण भरतं? तुला भेटायला कोण आलं होतं? ती खरं बोलते, कारण खोटं बोलायचं कारणच तिला माहीत नाही. तिच्या घराचा भाडेपट्टा कुणीतरी परस्पर चुकता केला, हे बाहेर येतं, आणि महिनोन्‌महिने रचलेलं सोंग घरभाड्याच्या एका तपशिलावर कोसळतं. गोळी सुटते ती नंतर, भिंतीपाशी. माणूस संपतो तो त्या प्रश्नातच.

'टिंकर टेलर'मध्ये तर ही खोली चक्क दिल्लीत आहे. १९५५ सालच्या उन्हाळ्यात जॉर्ज स्मायली हा ब्रिटिश हेर तिथल्या तुरुंगात एका रशियन हेराला फोडायला जातो. घामाघूम होऊन तोच बोलत राहतो, बायकोचा विषय काढतो, नको तितका उघडा पडतो. समोरचा कार्ला चकार शब्द काढत नाही. पुढ्यातल्या सिगारेटींना हात लावत नाही. जाताना मात्र स्मायलीचा लायटर घेऊन जातो, बायकोने नाव कोरून दिलेला. चौकशी करणाऱ्याचीच चौकशी झाली! तो लायटर 'स्मायलीज पीपल'च्या (१९७९) शेवटी बर्लिनच्या रस्त्यावर पडतो आणि स्मायली तो उचलत नाही. दोन पुस्तकांमधली पाच वर्षं आणि मधली एक जाडजूड कादंबरी त्या एका न वाकण्यासाठी वाचावी.

कोर्टाच्या बाजूलाही हाच नियम. अर्ल स्टॅन्ली गार्डनर स्वतः वकील. पेरी मेसनच्या ऐंशीहून अधिक कादंबऱ्या त्याने लिहिल्या. पण मेसनचा खरा गुन्हेगार भर कोर्टात उभं राहून कबुली देतो, आणि प्रत्यक्ष कोर्टात असं होत नाही हे कोणताही कारकून सांगेल. रॉबर्ट ट्रॅव्हर या नावाने लिहिणारे जॉन व्होल्कर मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. त्यांच्या 'ॲनाटमी ऑफ अ मर्डर'मध्ये (१९५८) बायकोवर अत्याचार करणाऱ्याला मारणारा लष्करी अधिकारी आहे. त्याचा वकील त्याला काय सांग ते सांगत नाही. फक्त खुनाच्या आरोपातून सुटायचे कायदेशीर मार्ग शांतपणे समजावून देतो. बाकीचं अशिलाला कळतं. सज्जन वकिलाने खोटं बोलायला लावलं की नाही, हा प्रश्न कादंबरी मिटू देत नाही.

पुढच्याच वर्षी मुंबईत नौदलाच्या कमांडर नानावटींनी प्रेम आहुजांवर गोळ्या झाडल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते मान्य झालं नाही, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. झटापटीत आहुजांच्या अंगावरचा टॉवेल सुटला कसा नाही, यावर कोर्टात केवढा काथ्याकूट झाला! ट्रॅव्हरला हे घरपोच मिळालं असतं तर त्याने सहाशे पानं लिहिली असती. आपल्याकडे मधुसूदन कालेलकरांनी 'अपराध मीच केला' हे नाटक लिहिलं, आणि मराठी कादंबरी मात्र बघ्यांत उभी राहिली.

स्कॉट टुरो शिकागोत सरकारी वकील असताना लोकल गाडीत बसून 'प्रिझ्युम्ड इनोसंट' (१९८७) लिहीत असे. सरकारी वकिलावरच खुनाचा आरोप, आणि बोटांचे ठसे असलेला एक ग्लास पुराव्यातून गायब. खटला पुढे त्या ग्लासाभोवतीच फिरतो. ग्रिशॅम वेगवान आहे, विकतो, मराठीतही येतो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती बर्लिनच्या फर्डिनांड फोन शिराखच्या 'कोलिनी प्रकरण' (२०११) या छोट्या कादंबरीविषयी आपल्याकडे कुणी बोलतही नाही, याबद्दल. लेखक फौजदारी वकील, आजोबा न्यूरेंबर्गला शिक्षा झालेले नाझी नेते. १९६८ च्या एका तांत्रिक दुरुस्तीमुळे असंख्य नाझी गुन्ह्यांना मुदतबाह्यतेचं कवच कसं मिळालं, हे तो एका खटल्यातून उलगडतो. रहस्य खुनी कोण हे नसून कलम कुणी घुसडलं हे आहे.

मराठीचं काय? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास दिला, गुरुनाथ नाईकांनी कॅप्टन दीप. भाड्याच्या वाचनालयांतून पिढ्या वाचत्या झाल्या, हे नाकारणारा कृतघ्न. पण नंतर ती वाचनालयं मिटली आणि त्यांची जागा घेणारं काही आलं नाही. गल्लोगल्ली वकील असलेल्या या राज्यात तालुका कोर्टातली तारीख-पे-तारीख कादंबरीत उतरली नाही. ती उतरली चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट' (२०१४) चित्रपटात, जिथे सरकारी वकीलबाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाक करते. नाशकात जन्मलेल्या, ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींवरून बेतलेली मुंबईची वकील नायिका सुजाता मॅसी यांनी २०१८ मध्ये इंग्रजीत उभी केली. 'रॉ'मध्ये हयात घालवलेल्या अमर भूषण यांनी अस्तनीतल्या निखाऱ्यावर 'एस्केप टू नोव्हेअर' (२०१२) लिहिली, तीही इंग्रजीतच. तिच्यातली पाळत इतकी संथ आहे की आपल्या प्रकाशकांनी ती वाचायला घेतली असती तर दहाव्या पानावर परत केली असती.

ज्यांना आता सुरुवात करायची आहे त्यांनी मिक हेरनच्या 'स्लो हॉर्सेस'पासून (२०१०) करावी. चुका करून अडगळीत पडलेल्या हेरांचं एक कळकट ऑफिस, आणि भरपूर हसू. तिथून ल कारेकडे यावं.

प्रस्तुत लेखकाने 'टिंकर टेलर' पहिल्यांदा वाचली ती एका वाचनालयाची प्रत. आधीच्या कुणा खवट वाचकाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने, सारी कादंबरी ज्याला शोधते त्या घरभेद्याचं नाव लिहून ठेवलं होतं. आठवडाभर चडफडाट झाला; पण शेवटची पन्नास पानं वाचताना हात तरीही थंड पडले. वाचनालयाने पुस्तकं रद्दीत काढली तेव्हा तीच प्रत वजनावर विकत घेतली. नाव आता खोडलेलं आहे. पुस्तक नेणारी तरुण मंडळी मात्र पान उजेडात तिरकं धरून बघतात, आणि परत आणून देताना विचारतात, यात दुसरा भाग कुठला?