सामायिक दप्तर आणि लेखणीचा अधिकार

घरातील जुनी पेटी उघडली, तर तळाशी कागदांची एखादी पिवळी पडलेली पुरचुंडी हाती लागते. तीत घराच्या हक्काचा कागद असतो, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असतो. ह्या कागदांचे मोल उल्हासनगरास निराळे सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी कल्याणजवळ येथे लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तिच्याच बराकींत आसरा मिळाला, व ८ ऑगस्ट १९४९ रोजी ह्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव देण्यात आले. आमच्या ‘कॅम्प ४’ ह्या नावात त्या छावणीची खूण अद्याप आहे. घरदार सोडून आलेल्या कित्येकांचे कागद मागेच राहिले. अशा घरातील मुलाचे नाव शाळेच्या रजिस्टरात जसे लिहिले गेले, तसेच ते पुढे जन्मभर चालले. एका ओळीच्या नोंदीत एवढे सामर्थ्य असते. म्हणून ती ओळ कोणी लिहावी आणि कोणी बदलावी, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही.

हल्ली दप्तर कपाटात नसून संगणकात असते. त्यास डेटाबेस म्हणतात. एकच यादी दहा माणसे दहा ठिकाणी एकाच वेळी उघडू शकतात, ही सोय मोठी खरी. परंतु दहाही जणांच्या हाती लेखणी असली, तर काय होते ते आम्ही स्वतः अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी वार्षिक परीक्षेच्या गुणांचा एक सामायिक तक्ता होता. तो उघडण्याचा परवलीचा शब्द सर्व शिक्षकांस एकच दिलेला होता. नावे अकारविल्हे लावण्यासाठी आम्ही केवळ नावांचाच स्तंभ निवडला. नावे हलली, गुण मात्र जागच्या जागी राहिले. दुसऱ्या दिवशी एक अभ्यासू मुलगी गणितात नापास ठरली व रडत घरी गेली. संशय प्रथम आला तो बिचाऱ्या कारकुनावर. कारण तक्त्यास सर्वांचे हात लागत होते आणि कोणाच्या हाताची खूण उरत नव्हती. आदल्या सायंकाळी आपण काय केले हे आम्हांस आठवले, तेव्हा आम्ही चूक कबूल केली. उत्तरपत्रिकांवरून सर्व गुण पुन्हा भरावे लागले. तो दिवस आम्ही विसरलो नाही.

ह्यातून जे शिकावयाचे ते असे. दप्तराच्या बाबतीत चार निरनिराळे अधिकार असतात: वाचणे, नवी नोंद भरणे, असलेली नोंद बदलणे आणि नोंद पुसून टाकणे. हे चारही प्रत्येकास देण्याचे कारण नाही. ज्याचे जे काम, त्यापुरताच त्यास अधिकार असावा. १९७५ साली सॉल्ट्झर व श्रोडर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी संगणकाच्या सुरक्षिततेची जी तत्त्वे मांडली, त्यांत हे एक प्रमुख आहे. ह्याशिवाय प्रत्येकाने आपल्याच नावाने आत यावे, आणि कोणी, केव्हा, काय बदलले ह्याची नोंद आपोआप राहावी.

ह्याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच आहे. अंबरनाथ तालुक्यातील गावांत शेतजमिनीचा सातबारा असतो. तो कोणासही घरबसल्या पाहता येतो. बदलता मात्र येत नाही. समजा, एखादा शेतकरी वारला. वारसांची नोंद फेरफार नोंदवहीत घेतली जाते. ती तलाठी, म्हणजेच आताचे ग्राम महसूल अधिकारी, घेतात. नंतर नोंदीची प्रत चावडीवर लावली जाते, संबंधितांस नोटीस जाते, आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतात. नोंद घेणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा. ही रीत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ह्या कायद्याच्या कलम १५० मधील आहे. संगणकावरील ई-फेरफार प्रणालीने तीच पुढे चालविली.

एवढी खबरदारी कशासाठी? त्याच कायद्याचे कलम १५७ सांगते की, उलट सिद्ध होईपर्यंत प्रमाणित नोंद खरी मानावी. भावांच्या नावांखाली बहिणीचे नाव लिहावयाचे राहिले, तर तिच्या वाट्याची जमीन कागदावरून नाहीशी होते. त्या पंधरा दिवसांत तिला बोलण्यास अवसर मिळतो.

आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टराचेही तसेच आहे. विद्यार्थ्याचे नाव, जात किंवा जन्मतारीख मुख्याध्यापकांस आपल्या मर्जीने बदलता येत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. पालक कधी रागावून विचारतात, ‘एक अक्षर सुधारावयास इतके हेलपाटे का?’ त्यांचा त्रास आम्ही जाणतो. परंतु जे अक्षर आज आपल्या विनंतीवरून सहज बदलेल, ते उद्या दुसऱ्याच्या विनंतीवरूनही बदलेल.

मात्र लेखणीस कुलूप घालणे म्हणजे चूक कायम ठेवणे नव्हे. जमिनीच्या दप्तरात लेखनाच्या चुका दुरुस्त करण्यासाठी कलम १५५ आहे. ज्या कार्यालयात बदलाचा अधिकार थोड्यांच्या हाती आहे, तेथे दुरुस्तीचा अर्ज कोठे द्यावा हे सर्वांस ठाऊक असले पाहिजे, आणि उत्तरही वेळेवर मिळाले पाहिजे. नाहीतर रखवालदार धन्यासच दाराबाहेर ठेवील.

काहींस ह्या बंधनात अविश्वास दिसतो. आम्हांस तसे वाटत नाही. त्या दिवशी तक्त्यास बंधन असते, तर निरपराध कारकुनाकडे कोणी बोट दाखविले नसते. बंधन प्रामाणिक माणसाचेच रक्षण करते.

विद्यार्थ्यांनो, पुढे तुम्ही कार्यालयांत कामास लागाल. आपला परवलीचा शब्द मित्रासही देऊ नका. तुमच्या नावाने झालेली नोंद तुमचीच मानली जाईल. आणि पालकहो, मुलाचे नाव व जन्मतारीख रजिस्टरात कशी आहे, हे दहावीचा अर्ज भरण्याच्या दिवशी नव्हे, तर आजच पाहून घ्यावे. दप्तर वाचण्याचा अधिकार आपणांस आहे; तो अवश्य बजावावा.