कैरोचे गुरुजी

गवयाचा गळा साठीतही साथ देतो, लेखकाची लेखणी सत्तरीतही चालते; पण फुटबॉल खेळणाऱ्याचा गुडघा एकदा रुसला की सारा डाव आटोपला! मग त्याने पुढे करावे तरी काय? इजिप्तच्या महमूद अल-गोहरी यांनी या प्रश्नाचे उत्तर आयुष्यभर खपून दिले.

१९३८ साली कैरोत जन्मलेले गोहरी तेथील अल-अहली या नामांकित क्लबचे आघाडीचे खेळाडू. १९५९ साली कैरोतच आफ्रिका चषकाचे सामने झाले. त्यात इथिओपियावर चढवलेल्या चार गोलांपैकी तीन एकट्या गोहरींचे! चषक इजिप्तने राखला. पण थोड्याच वर्षांत गुडघ्याने दगा दिला आणि ऐन उमेदीत खेळ सुटला. पेशा लष्करी अधिकाऱ्याचा. शिस्त अंगात मुरलेली. तीच शिदोरी घेऊन ते प्रशिक्षक झाले.

इजिप्तने १९३४ नंतर विश्वचषकाचे तोंड पाहिले नव्हते. नोव्हेंबर १९८९ मध्ये अल्जीरियाशी निर्णायक सामना झाला. गोहरींच्या होसाम हसन या तेवीस वर्षांच्या शिष्याने चौथ्याच मिनिटाला डोक्याने गोल मारला आणि छप्पन्न वर्षांचा उपास सुटला. १९९० साली इटलीत त्यांच्या संघाने बलाढ्य हॉलंडला १-१ असे बरोबरीत रोखले. पण कौतुक किती दिवस टिकणार? त्याच वर्षी ग्रीसबरोबरचा एक मैत्रीचा सामना ६-१ असा गमावताच गुरुजींना घरी बसवण्यात आले!

दुसरा एखादा कायमचा रुसला असता. गोहरी परतले. १९९८ साली बुर्किना फासोत त्यांच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला २-० असे नमवून आफ्रिका चषक जिंकला. एकतिशीतल्या होसामने त्या स्पर्धेत सात गोल केले. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणूनही हा चषक जिंकणारे गोहरी पहिलेच.

उतारवयात ते जॉर्डनला गेले. तो लहानसा देश त्यांच्या हाताखाली २००४ साली प्रथमच आशिया चषकात उतरला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. २०१२ साली अम्मानमध्येच त्यांनी देह ठेवला.

शिक्षकाचा खरा निकाल फार उशिरा लागतो. २०२४ साली होसाम हसन इजिप्तचा प्रशिक्षक झाला. २०२५ साली त्याचा संघ विश्वचषकासाठी पात्र ठरला. आणि त्याच वर्षी, इतिहासात प्रथमच, जॉर्डनही! तो निकाल ऐकायला गुरुजी मात्र उरले नव्हते.