शेऱ्याचा रकाना कोरा ठेवू नका

सभासद बंधू-भगिनींनो,

लागणीचा हंगाम आला की आमचा शेतकी विभाग ऊस नोंदीसाठी आपल्या बांधावर येतो. तुम्ही सात-बारा दाखवता, क्षेत्र सांगता, उसाची जात सांगता, लागणीची तारीख सांगता. चिटबॉय लिहून घेतो, तुम्ही पावती खिशात घालता आणि नोंद झाली म्हणून निर्धास्त होता. पण त्या नोंदीत शेवटी एक रकाना असतो, 'शेरा' नावाचा. तो बहुतेकांचा कोराच राहतो. त्या रकान्याविषयी आज चार शब्द लिहायचे आहेत. कारण त्या रकान्यापायी एका सभासदाचा ऊस फडात वाळला, आणि त्यात चूक आमच्या विभागाची होती.

ओढा आटला, पण कागदावर वाहतच राहिला

२०२१-२२ चा हंगाम आठवा. महाराष्ट्रभर ऊस उदंड झाला होता आणि गाळप जून महिन्यापर्यंत चालले. तोडीसाठी सगळीकडे रांग. आपल्या एका सभासदाचा दोन एकर आडसाली ऊस ओढ्यापलीकडे उभा होता. लागण जुलै २०२० ची, म्हणजे डिसेंबरात तोड यायलाच हवी होती. पण ऑगस्टात पाहणीला गेलेल्या आमच्या माणसाने शेरा लिहिला होता, "ओढ्याला पाणी, गाडी जात नाही." शेरा खराच होता. फक्त त्यावर तारीख नव्हती, आणि दिवाळीनंतर तो कोणी तपासला नाही.

डिसेंबरात तोडणी कार्यक्रम लावताना तो शेरा समोर आला आणि नंबर मागे पडला. जानेवारीतही तेच. उसाला तुरा आला, पांगशा फुटल्या, दशी पडली. शेवटी ते सभासद सात-बारा घेऊन ऑफिसात आले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "साहेब, वढा कवाच आटलाय. तुमच्या कागदात अजून वाहतोय व्हय?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. तोड लगेच देतो म्हणालो, पण तोवर टोळ्या लांबच्या गटात गुंतलेल्या. ऊस तुटला मार्चअखेर. वजनात जी घट आली ती त्यांना सोसावी लागली. आणि नुकसान त्यांच्या एकट्याचे नाही. एफआरपी ठरते ती साऱ्या कारखान्याच्या साखर उताऱ्यावर. एकाच्या फडातली दशी थोडीथोडी सगळ्यांच्या दरात उतरते.

खूण वेगळी, शेरा वेगळा

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा जाड बांधणीच्या नोंदवह्या होत्या. जुने चिटबॉय समासात लाल शाईने खुणा करायचे. त्यांची खूण त्यांनाच कळायची, पण सगळा गट त्यांच्या डोक्यात असायचा म्हणून चालून जायचे. आता नोंद संगणकात आहे. संगणकाला माणूस ओळखता येत नाही, ओढा दिसत नाही. लिहिलेले तेवढेच त्याला कळते, आणि तेही जसे लिहिले तसेच.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक खूण. म्हणजे ठरलेल्या यादीतला एकच शब्द: लागण, खोडवा, बेणे प्लॉट, क्षारपड, पूरबाधित, जळीत. खूण नीट असेल तर 'सगळे बेणे प्लॉट दाखव' म्हटले की संगणक क्षणात यादी काढतो. दुसरा शेरा. म्हणजे त्या एकाच प्लॉटपुरती माहिती, आपल्या साध्या वाक्यात. खुणेवरून यादी निघते, शेऱ्यावरून माणसाला परिस्थिती कळते. दोन्हींची गल्लत झाली की दोन्ही वाया जातात.

उदाहरण उसाच्या जातीचेच घ्या. जातीचे नाव ही मुळात एक खूणच आहे. को ८६०३२ मध्ये 'को' म्हणजे कोइमतूर, ८६ म्हणजे १९८६ साल आणि ०३२ हा अनुक्रमांक. कोएम ०२६५ मधला 'एम' महाराष्ट्राचा आणि ०२ म्हणजे २००२ साल. किती नेटकी पद्धत! पण आपण काय करतो? एकजण 'फुले २६५' सांगतो, दुसरा नुसते '२६५', तिसरा 'कोएम ०२६५'. लिहिणाऱ्याने ऐकले तसे लिहिले, तर संगणक त्या तीन जाती धरतो. तोडीचा क्रम जात आणि लागणीची तारीख पाहून लागतो. नावच चुकले तर पाळीही चुकते.

बेणे प्लॉटची खूण विसरू नका

बेणे मळ्यासाठी किती खटाटोप असतो ते तुम्ही जाणता. मूलभूत बेण्याला उष्ण बाष्पहवेची प्रक्रिया ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास द्यावी लागते. त्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित बेणे तयार होते. बेण्याचा ऊस साधारण ९ ते ११ महिन्यांचा असतानाच उपयोगी. एवढे सांभाळलेल्या प्लॉटवर 'बेणे' ही खूण पडली नाही, तर तोडणी यादीत तो इतर उसासारखाच दिसतो. टोळीने कोयता लावला की बेणे गेले गव्हाणीत! मग रडून उपयोग नाही.

शेताचे नावही लिहून घ्या

आपल्या प्रत्येक तुकड्याला नाव असते. आंब्याचं शेत, थोरल्या विहिरीचा मळा, पाणंदीकडचा तुकडा. कागदोपत्री मात्र गट नंबर. एका गटात चार भाऊ, चौघांचे आडनाव एक, दोघांची आद्याक्षरेही एकच. नवा चिटबॉय तोडीची चिठ्ठी घेऊन गेला की विचारत हिंडतो आणि तोवर टोळी बसून राहते. नोंद नंबराने ओळखावी हे खरेच, पण शेऱ्यात "पाणंदीकडचा तुकडा, वाट देवळामागून" एवढे असले तर नवखा माणूसही सरळ फडात पोचतो.

सभासदांनी एवढे करावे

१. पावती घेताना क्षेत्र, जात, लागणीची तारीख मोठ्याने वाचून घ्या. जातीचे पूर्ण नाव सांगा.

२. लागण, खोडवा की बेणे प्लॉट, ही खूण पडली का ते विचारा.

३. वाट, ओढा, वरून गेलेली विजेची तार, हुमणीचा उपद्रव, पुराचे पाणी, यातले जे असेल ते शेऱ्यात लिहायला सांगा.

४. शेऱ्याखाली तारीख आणि लिहिणाऱ्याचे नाव हवेच. बिनतारखेचा शेरा घेऊ नका.

५. परिस्थिती बदलली, पाणी ओसरले, रस्ता झाला, तर गट ऑफिसला येऊन नवा शेरा लिहवून घ्या. जुना खोडायचा नाही, त्याच्याखाली नवा लिहायचा. काय होते आणि काय झाले, दोन्ही दिसले पाहिजे.

आम्हीही एक नियम घालून घेतला आहे. गाळप सुरू होण्याआधी अडचणीचा शेरा असलेली प्रत्येक नोंद आमचा माणूस शेतावर जाऊन पाहतो. अडचण संपली असेल तर तसे तारखेसह लिहितो. मगच तोडणी कार्यक्रम लागतो.

ते सभासद अजूनही आपल्या कारखान्यालाच ऊस घालतात. गेल्या नोंदीच्या वेळी आम्ही स्वतः त्यांच्या बांधावर गेलो. सही करण्याआधी त्यांनी शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "ल्ह्या साहेब. वढा कोरडा हाय. आन् आजची तारीक टाका."

आम्ही तारीख टाकली. आपणही टाकून घ्या.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी