सनद जाते ती कशी?

‘जामीन हवाय? लगेच डीएम करा!’ असं सांगणारे वकील तुमच्याही इन्स्टा फीडवर येत असतील. लॉ करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, सनद मिळाल्यावर तुमचाही असाच बेत असेल तर जरा थांबा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 नुसार वकिलाला जाहिरात करायला किंवा काम मागत फिरायला मनाई आहे. 2008 मध्ये थोडी सूट मिळाली. वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, कोणत्या प्रकारच्या केसेस घेता एवढं टाकता येतं. बास.

यावरचा गाजलेला खटला आपल्या मुंबईचाच. साठच्या दशकात किल्ला कोर्टाच्या, म्हणजे एस्प्लनेड मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात काही वकील टपून उभे राहायचे. अशील दिसला की त्याच्याकडे धाव! फी पाडून सांगायची, केस आपल्याकडे यावी म्हणून एकमेकांशी मारामारीसुद्धा. (रिक्षा स्टँड बरा म्हणायचा!) महाराष्ट्राच्या बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीनं त्यांना तीन वर्षांसाठी निलंबित केलं. बार कौन्सिल ऑफ इंडियानं मात्र अपिलात त्यांना सोडून दिलं.

आता सुप्रीम कोर्टात जाणार कोण? कायद्यानुसार, निकालाची झळ बसलेली व्यक्ती. पण कोर्टाच्या पायरीवर ओढाताण झालेला अशील दिल्लीपर्यंत कशाला जाईल? म्हणून राज्याची कौन्सिलच गेली. तुम्हाला कसली झळ, असा आक्षेप आला. 1975 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठानं तो फेटाळला. वकिली व्यवसायाची शिस्त राखणं हे कौन्सिलचं काम आहे, त्यामुळे तिला अपिलाचा हक्क आहे, असं पीठानं सांगितलं. पुढे न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालात अशी धावाधाव गैरवर्तनच ठरली.

आजही 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम 35 लागू आहे. शिक्षा म्हणजे ताकीद, निलंबन, किंवा थेट सनद रद्द. अशिलाचे पैसे दाबणं, समोरच्या पार्टीला आतून मिळणं, हेही यातच येतं. समितीत तिघं असतात आणि तिघंही वकीलच. मला हे खटकतं. निदान एक तरी बाहेरचा माणूस हवा ना!

तुमच्या घरी कुणाला असा अनुभव आला असेल तर लेखी तक्रार महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलकडे करायची. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. निकाल पटला नाही तर अपिलाला 60 दिवस मिळतात. तारीख लिहून ठेवा.