धुराड्याचा हिशेब

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन शेजारी तालुके. शहापुरात तानसा व भातसा ही धरणे असून त्यांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते. मुरबाडच्या कसब्यालगत औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यातून माल बाहेर पडतो, तसा मळही बाहेर पडतो. नासलेले द्रावक, रंगांचा गाळ, ऊर्ध्वपातनानंतर तळाशी उरणारा चिकट पदार्थ, हे सारे घातक कचऱ्यात मोडते. त्यापैकी जे पुरता येत नाही ते जाळावे लागते. मुंबई परिसरातील कारखान्यांसाठी रायगड जिल्ह्यात तळोजे येथे असे सामायिक केंद्र आहे.

जाळणे सोपे, परंतु धूर शुद्ध करणे खर्चाचे. हा खर्च किती, याचा अंदाज कसा बांधतात, हे सामान्य नागरिकानेही समजून घेणे अगत्याचे आहे. कारण अंदाजपत्रकात जो खर्च वगळला जातो, तो पुढे शेजारच्या गावांच्या श्वासातून वसूल होतो.

प्रथम पाहावयाचे ते कायद्याचे बंधन. सामायिक दहनभट्ट्यांसाठी 2008 साली केंद्र सरकारने मर्यादा घालून दिल्या. धुराच्या एका घनमीटरात धूलिकण 50 मिलिग्रॅमहून अधिक नसावेत. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेसही तीच मर्यादा आहे. डायॉक्सिन नावाचे अतिविषारी द्रव्य मात्र एका नॅनोग्रॅमच्या दशांशापलीकडे जाता कामा नये. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. यास्तव भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात सुमारे 1100 अंश सेल्सिअस उष्णता राखून वायू तेथे किमान दोन सेकंद ठेवावा लागतो.

पुढे धूर निववावयाचा, तोही झपाट्याने. कारण 450 ते 200 अंशांच्या दरम्यान तो रेंगाळला, तर नष्ट झालेले डायॉक्सिन पुन्हा जन्म घेते. मग आम्ल मारण्यास चुना, उरलेले विष शोषण्यास सक्रिय कोळसा, धूळ अडविण्यास कापडी पिशव्यांची गाळणी, आणि शेवटी उंच धुराडे, अशी ही साखळी असते.

या साखळीची किंमत मुख्यतः वायूच्या आकारमानावर ठरते, कचऱ्याच्या वजनावर नव्हे. 1100 अंशांवरील वायू 200 अंशांपर्यंत निवला, की त्याचे आकारमान जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येते. पाणी फवारून निववल्यास वाफेची भर पडते, हे मात्र विसरू नये.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यंत्रसामग्रीची किंमत 1 कोटी रुपये धरली. पाया, नळकांडी, वीजजोडणी, उभारणी, आराखडा व चाचणी यांचा खर्च त्यात मिळवला पाहिजे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या खर्च-पुस्तिकेप्रमाणे पिशव्यांच्या गाळणीसाठी एकूण भांडवल मूळ किमतीच्या सुमारे 2.17 पट होते. तोच गुणक येथे साऱ्या साखळीला लावला, तर 2 कोटी 17 लाख झाले. हे भांडवल 15 वर्षांत, दरसाल 10 टक्के व्याजाने फेडावयाचे, तर वार्षिक हप्ता सुमारे साडेअठ्ठावीस लाख पडतो.

इतक्याने भागत नाही. ताशी 10,000 घनमीटर वायू ओढणारा पंखा 500 मिलिमीटर पाण्याच्या दाबाविरुद्ध चालवावयाचा, त्याची कार्यक्षमता 60 टक्के आणि वर्षाचे 7,200 तास धरले, तर सुमारे 1 लाख 63 हजार युनिट वीज लागते. युनिटला 10 रुपये धरल्यास हा एकटा पंखा सोळा लाखांहून अधिक खातो. शिवाय चुना हवाच. एक टन कचऱ्यात 5 टक्के क्लोरीन असेल, तर रसायनशास्त्राच्या हिशेबाने सुमारे 52 किलो विरलेला चुना लागतो. प्रत्यक्षात कोरड्या पद्धतीत त्याच्या दुपटीपर्यंतही वापरावा लागतो. पिशव्या झिजतात, कोळसा संपतो, आणि गाळणीत साचलेली राख स्वतःच घातक कचरा असल्याने ती सुरक्षित भूभरावात पोचवावी लागते.

प्राथमिक अंदाजात साधारणपणे 30 टक्क्यांची चूक संभवते. तरी एक नियम उपयोगी पडतो: यंत्र दसपट मोठे केले, तरी किंमत सुमारे चौपटच होते. म्हणजे दहा लहान कारखान्यांनी दहा भट्ट्या बांधण्याऐवजी एक सामायिक भट्टी बांधली, तर प्रत्येकाचा भार हलका होतो. लहान कारखान्याची स्वतःची भट्टी स्वस्त भासली, तर बहुधा तिची गाळणीच लहान किंवा बंद असते.

यास्तव असा प्रकल्प जवळपास येऊ घातला, तर जनसुनावणीत गावकऱ्यांनी केवळ यंत्राची किंमत विचारून थांबू नये. दरसाल चुना किती टन, पिशव्या किती वर्षांनी बदलणार, राख कोठे जाणार, वीज खंडित झाल्यास काय होणार, हे विचारावे. उत्तरे आकड्यांत मिळाली, तर हिशेब खरा समजावा. गाळणी विकत घेणे हा एकदाचा खर्च आहे. ती रोज चालविणे हा नित्याचा. ज्या अंदाजपत्रकात दुसऱ्याचा उल्लेख नाही, त्याचा उरलेला भाग तानसेच्या आणि भातसेच्या पाणलोटातील माणसे भरतील.