दोन फुटांवरून दिसणारे घर

घरात लहान मुलाला काही इजा झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आईचे लक्ष कुठे होते?’ शेजारी तो विचारतात, नातेवाईक विचारतात. आणि आईला तर तो कुणी विचारावाही लागत नाही. ती स्वतःच स्वतःला तो आयुष्यभर विचारीत राहते. बापाला, आजोबांना, खिडकी बसवणाऱ्याला हा प्रश्न सहसा कुणी करीत नाही.

माझी सारी नोकरी बँकेत झाली. बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. बाहेरच्या माणसाला यात अविश्वास दिसतो. पण माणूस कितीही चोख असला तरी तो थकतो, विसरतो, घाईत असतो, हे गृहीत धरून केलेली ती व्यवस्था आहे. ‘कॅशिअरने सावध राहावे’ अशी पाटी लावून कोणतीही बँक तिजोरी उघडी टाकत नाही. घरात मात्र आपण नेमके हेच करतो. भरलेली बादली, वाफाळता चहा, गोळ्यांची पाकिटे, सारे हाताशी ठेवतो आणि सुनेला सांगतो, ‘पोराकडे लक्ष ठेव गं.’

लक्ष ही वस्तू फार तुटपुंजी. दाराची बेल वाजते, दूध उतू जाते, फोन येतो. तेवढ्या अर्ध्या मिनिटात रांगणारे मूल स्वयंपाकघरातून न्हाणीघरात पोचलेले असते. म्हणून मुलाची सुरक्षितता लक्षावर नव्हे, व्यवस्थेवर सोपवायला हवी.

आपल्या जुन्या घरांना हे ठाऊक होते. दाराला आडवी फळी लावली की रांगते मूल ओसरीवरून खाली पडत नसे. काम संपले की विळी मिटून ठेवली जाई. दूधदुभते शिंक्यावर असे, ते मांजर, उंदीर आणि पोरे या तिघांपासून वाचवण्यासाठी. हे शिंके फसते कसे, तेही आपण दरवर्षी दहीहंडीला थर रचून साजरे करतो! नुसते उंचावर ठेवून भागत नाही, चढायलाही काही मिळता कामा नये, हा गोकुळाने दिलेला धडा आहे.

पांगुळगाडा घ्या. मूल त्याच्यामागे स्वतःच्या पायांवर उभे राहते आणि आपल्या बेताने तो ढकलते. आजचा गोल, आत बसायचा चाकांचा वॉकर दिसायला त्याचाच भाऊ. पण तो मुलाला त्याच्या समजेपेक्षा जास्त वेग आणि जास्त उंची देतो. जिना असो की गरम भांडे, मूल क्षणात तिथे जाऊन धडकते. कॅनडाने २००४ साली असल्या वॉकरवर बंदीच घातली. आपल्याकडे तो अजूनही बारशाला कौतुकाने भेट दिला जातो.

बँकेत इन्स्पेक्शन होते, तसे घराचेही व्हावे. एखाद्या रविवारी दुपारी, मूल झोपलेले असताना, घरातल्या मोठ्या माणसाने, शक्यतो पुरुषाने, गुडघ्यांवर रांगत घरभर हिंडावे. दोन फुटांवरून घर निराळेच दिसते. टेबलक्लॉथची लोंबती कड ओढायला बोलावते. प्लगपॉइंट अगदी डोळ्यांसमोर येतो. पलंग ही खिडकीची पायरी होते, तर कपाटाचे अर्धवट उघडे खण म्हणजे जिनाच. असे कपाट किंवा स्टँडवरचा टीव्ही मुलाच्या अंगावर येऊ शकतो. ते भिंतीला जखडून टाकावेत.

पाण्याची बादली सर्वांत आधी तपासावी. आपल्या कितीतरी गावांत नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. त्यामुळे बादल्या आणि पिंपे भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. पण लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते बादलीत डोकावता डोकावता तोल जाऊन आत गेले, तर त्याला स्वतःला वर काढता येत नाही. बुडायला दोन इंच पाणीही पुरते. आणि ओरडण्याचा आवाजच येत नाही. बुडणे हे बहुधा निःशब्द असते. म्हणून पिंपावर घट्ट झाकण हवे, वापरून झालेली बादली पालथी हवी आणि न्हाणीघराला बाहेरून, मुलाचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर कडी हवी.

आता गरम पाणी. ६० अंश सेल्सिअसचे पाणी पाच-सहा सेकंदांत मोठ्या माणसालाही गंभीर भाजते. मुलाची कातडी पातळ, तिला त्याहून कमी वेळ पुरतो. ५० अंशांवर तेच व्हायला काही मिनिटे लागतात. म्हणून गीझरची कळ ५० च्या आसपास ठेवावी. आंघोळीसाठी बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम. पाणी तापवायचा रॉड बादलीत टाकून तर तिथून हलूच नये. गॅसवर कढईचा दांडा आतल्या बाजूला वळवावा आणि मांडीवर मूल असताना हातात चहाचा कप नसावा. तरीही भाजलेच, तर तो भाग वाहत्या, साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. टूथपेस्ट, तूप, हळद, बर्फ यातले काहीही लावू नये.

यानंतरची तपासणी आम्हा आजी-आजोबांची. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या टीपॉयवर, चष्म्याच्या शेजारी ठेवायची आमची सवय. पण मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की एकाच गोळीने लहान मुलाची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. बाळंतिणीच्या लोहाच्या गोळ्याही मुलाला लिमलेटच्या गोळ्यांसारख्या वाटतात आणि त्यांची विषबाधा जीवघेणी ठरू शकते. देवघरातला कापूर पवित्र खरा, पण मुलाच्या पोटात गेला तर थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. पानाच्या डब्यातली चुन्याची ट्यूब मुलाने दाबली आणि चुना डोळ्यांत उडाला, तर दृष्टी जाण्याची भीती असते. अशा वेळी डॉक्टर शोधत बसण्याआधी डोळा पाण्याने धूत राहावा, निदान अर्धा तास.

रॉकेल, फिनेल, ॲसिड कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. मूल अक्षरे वाचत नाही, बाटली ओळखते. ते पोटात गेलेच, तर उलटी करवू नये. रॉकेल फुप्फुसात उतरते आणि ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

एक नवा शत्रू मात्र जुन्या घरांना माहीत नव्हता. रिमोटमध्ये, खेळण्यांत, वजनकाट्यात चपट्या नाण्यासारखे सेल असतात. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच तिथे भाजल्यासारखी गंभीर जखम होऊ शकते. ‘उद्या शीतून पडेल’ म्हणून थांबू नये, लगेच एक्स-रे काढावा. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया हे शत्रू जुनेच. ते श्वासनलिकेत जातात. चार-पाच वर्षांपर्यंत मुलाच्या हाती अख्खे दाणे देऊ नयेत, कूट द्यावे. आणि घशात अडकलेली, पण दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपून काढायला जाऊ नये. ती आणखी आत ढकलली जाते.

राहता राहिली खिडकी. न्यूयॉर्क शहरात उंच इमारतींच्या खिडक्यांतून मुले पडत. १९७२ साली तिथल्या आरोग्य खात्याने ‘मुलांना उडता येत नाही’ अशा नावाची मोहीम काढली. घरोघरी जाऊन आयांना समजावले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. खिडकीचे गज फुकट वाटले. १९७६ मध्ये दहा वर्षांपर्यंतची मुले असलेल्या घरांना गज बसवणे घरमालकांवर बंधनकारक झाले. मुले पडण्याचे प्रमाण झपाट्याने उतरले. त्या शहरातल्या आया काही एकाएकी अधिक दक्ष झाल्या नव्हत्या. फक्त ‘लक्ष कुठे होते?’ या प्रश्नाच्या जागी ‘गज कुठे आहेत?’ हा प्रश्न आला होता. आपल्याकडे आता उंच उंच टॉवर उभे राहत आहेत आणि ‘व्ह्यू’ जातो म्हणून ग्रिल नको, असे सांगणारेही भेटतात. मच्छरजाळी म्हणजे ग्रिल नव्हे. गॅलरीच्या कठड्याला आडव्या पट्ट्या नकोत, ती शिडी होते. उभे गज हवेत आणि त्यांत चार इंचांपेक्षा जास्त फट नको.

हे सारे मोठ्या घरांचे लाड आहेत, असे कुणी म्हणेल. उलट, एका खोलीच्या घरात, जिथे स्टोव्ह, अंथरूण आणि पाण्याचे पिंप चार हातांच्या अंतरात असतात, तिथे याची गरज सर्वांत जास्त. ग्रिलला पैसे पडतात, हे खरे. पण बादली पालथी घालायला, कढईचा दांडा वळवायला, गोळ्या कुलपात ठेवायला पैसे लागत नाहीत. आडवी फळी आणि कडी यांना लागतात ते थोडेच.

याचा अर्थ मुलाला कापसात गुंडाळून ठेवावे असा नाही. गुडघे फुटणे हा बालपणाचा हक्कच आहे. ज्या घरात धोके बंदोबस्तात असतात, तिथे मुलाच्या मागे दिवसभर ‘नको, नको’ म्हणत धावावे लागत नाही. ते मोकळेपणी हिंडते आणि त्याची आईही दोन घटका पाठ टेकू शकते. मात्र एक इन्स्पेक्शन पुरत नाही. आज रांगणारे मूल दोन महिन्यांनी उभे राहते, वर्षभरात खुर्ची ओढून ओट्यापर्यंत पोचते. त्याची उंची वाढेल तशी आपली कडीही वर सरकवावी लागते.