टेंडर भरण्याआधी थाळीचा हिशेब

वसतिगृहाची मेस, रुग्णालयाचं उपाहारगृह, सरकारी कार्यालयाचं कँटीन ही कामं आता बहुतेक ई-निविदेतून दिली जातात. केटरिंगच्या धंद्यात मात्र एक समज पक्का बसला आहे, की ज्याचा दर सर्वांत खाली त्याचं काम. हा समज अर्धाच खरा आहे. दोन लिफाफा पद्धतीत आधी तांत्रिक लिफाफा उघडतात. अन्न परवाना, जीएसटी नोंदणी, उलाढालीचं सीएनं दिलेलं प्रमाणपत्र, आधी केलेल्या कामांचे दाखले यांपैकी मागितलेला एखादा कागद नसेल, तर दराचा लिफाफा बंदच राहू शकतो. म्हणजे स्पर्धा सगळ्यांत नसते, कागदांच्या चाळणीतून उरलेल्यांत असते. आणि उरलेल्यांतही जो नुसता दर पाडून पहिला येतो, त्याला काम मिळालं तरी पुढे ते निभत नाही. निविदेतला दर स्वयंपाकघरातून वर यायला हवा. शेजाऱ्यानं काय टाकलं असेल याच्या अंदाजावरून तो ठरवू नये.

समजा, 200 मुलांच्या मेसचं काम आहे. आचारी, मदतनीस, वाढपी मिळून आठ माणसं, प्रत्येकाचा पगार सरासरी 15,000 रुपये. मालकाच्या वाट्याचे भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के आणि राज्य कामगार विम्याचे 3.25 टक्के धरले, की महिन्याचा खर्च 1,38,300 रुपये होतो. दोन वेळचं जेवण, 30 दिवस, म्हणजे 12,000 थाळ्या. एका थाळीवर मजुरीचे साडेअकरा रुपये. आता निविदेतली अट नीट वाचा. बिल प्रत्यक्ष हजेरीवर मिळणार असेल आणि रोज दीडशेच मुलं जेवली, तर थाळ्या 9,000 होतात. माणसं तीच आणि पगारही तोच राहतो, पण थाळीमागे मजुरी 15 रुपयांच्या वर जाते. किराणा, भाजी आणि 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर यांचा हिशेब अजून सुरूही झालेला नाही. हा फरक ज्यानं दरात धरला नाही, तो तिसऱ्या महिन्यात डाळ पातळ करतो, आणि त्याचे परिणाम मुलांच्या ताटात दिसतात. निविदापूर्व बैठकीत ‘किमान हजेरीची हमी आहे का?’ हा प्रश्न विचारणं म्हणूनच निविदा लिहिण्याचाच भाग आहे. लेखी विचारलेल्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर सगळ्यांसाठी प्रसिद्ध होतं, काही वेळा शुद्धिपत्रक निघून अटही बदलते. याउलट दरपत्रकात आपल्या मनाची अट घातली, तर बोली बाद होण्याचाच संभव जास्त.

यावर पहिला आक्षेप असा, की शेवटी अधिकारी एल-वनच, म्हणजे सर्वांत कमी दराची बोलीच बघतो, मग प्रामाणिक दर टाकून काय हाती लागणार? आक्षेपात तथ्य आहे. आकड्यावरच निकाल लावणं अधिकाऱ्याला सोयीचं असतं. तरीही नियम थोडे हलले आहेत. केंद्रीय वित्त मंत्रालयानं 2021 मध्ये काही अटींवर सल्लाबाह्य, म्हणजे केटरिंगसारख्या सेवांच्या खरेदीतही गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत भारांक द्यायची मुभा दिली. अवाजवी कमी दराच्या बोलीबद्दल लेखी खुलासा मागण्याची तरतूदही केंद्राच्या खरेदी नियमावलीत आहे. असा खुलासा मागितला गेला, तर ज्याच्याकडे थाळीवार हिशेब तयार आहे तोच उत्तर देऊ शकतो.

दुसरा आक्षेप जास्त कडवट आहे: अटीच ठरावीक माणसासाठी बेतलेल्या असतात. असं घडतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण अशा अटींना आव्हान देता येतं. अंगणवाड्यांच्या घरपोच आहारासाठी महाराष्ट्र सरकारनं 2016 मध्ये काढलेली निविदा सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये रद्द केली. तिच्या अटींमुळे महिला बचत गट बाहेर पडत होते आणि मोठ्यांना वाट मोकळी होत होती. ती लढाई बचत गटांनीच न्यायालयात नेली होती. प्रत्येक लहान केटररला कोर्टाची पायरी परवडणार नाही, हे खरं. पण उलाढालीची अवास्तव अट दिसली, तर मुदतीत लेखी हरकत नोंदवायला वकील लागत नाही.

म्हणून नव्यानं टेंडर भरणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: जाहिरात दिसली की दराचा रकाना शेवटी भरा. आधी मेनूतल्या प्रत्येक पदार्थाचं वजन, हजेरीची अट, दंडाची कलमं आणि बिल किती दिवसांत मिळणार ते वाचा. हिशेब बसत नसेल, तर ते टेंडर सोडून द्या.